‘झोंबी’तील पित्याचा धाक

आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीस १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. या कृतीतील पित्याविषयी एक सोयीस्कर निष्कर्ष सहज काढला जातो: बापाने कठोरपणे राबविले, त्या कष्टांतून मुलगा घडला, सबब तो धाक अखेर सार्थकी लागला. कादंबरीतील साक्ष मात्र या निष्कर्षाच्या विरुद्ध जाते.

कागलच्या या शेतकरी कुटुंबात बाप मुलाची शाळा बंद करून त्याला शेतीस जुंपतो. दारिद्र्य हे त्याचे एक कारण खरे. परंतु मुलगा राबत असता बापाला गावात मोकळे हिंडता येते, हेही लेखकाने लपविलेले नाही. आई आणि मुलगा दत्ताजीराव देसाई यांच्याकडे दाद मागतात, तेव्हा कुठे शाळेची वाट उघडते, तीही अटींवर. सकाळी अकरापर्यंत शेतात काम, शाळा सुटल्यावर गुरे राखणे आणि कामाची निकड असेल त्या दिवशी शाळेस रजा. येथे विद्या ही श्रमाच्या मोबदल्यात मिळालेली सवलत ठरते. १९१७ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड ठेवला होता. सक्ती कोणावर असावी, याचे उत्तर त्या कायद्याने दिले होते. कादंबरीत तेच कार्य गावातील एका वजनदार गृहस्थाच्या शब्दास करावे लागते.

शाळेतही धाकाची दोन रूपे भेटतात. गणिताच्या मंत्री मास्तरांची पोरांना दहशत आहे. सौंदलगेकर मास्तर मात्र कविता गाऊन शिकवितात. मुलातील कवी जागा होतो तो या दुसऱ्या मास्तरांमुळे. पूर्वी शेतातील ज्या एकांताचा त्याला कंटाळा येई, तोच एकांत पुढे कविता म्हणण्यासाठी हवासा वाटू लागतो. श्रम तेच राहिले; त्यांना अर्थ आला तो काव्यानंदाने, धाकाने नव्हे.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’शी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. पोहण्यास भिणाऱ्या श्यामला आई मार देऊन पाण्याकडे धाडते, त्यात तिचा स्वतःचा कोणताही लाभ नसतो. ‘झोंबी’तील कठोरपणात बापाचा लाभ गुंतलेला आहे. म्हणूनच शीर्षकातील शब्दाचे दोन्ही अर्थ येथे जिवंत राहतात: ‘झोंबणे’ म्हणजे अंगास भिडणे आणि ‘झोंबणे’ म्हणजे जळजळणे. पहिल्या अर्थाने मुलगा जिंकतो, परंतु दुसऱ्या अर्थाची जखम यशाने भरून निघत नाही.

आज अनेक घरांत धाकाची दिशा पालटली आहे. शेताऐवजी परीक्षा, खुरप्याऐवजी गुणपत्रिका. परंतु कसोटी तीच राहते. ज्या अपेक्षेचे ओझे मुलाने वाहावयाचे, ती अपेक्षा मुलाच्या हिताची की पालकाच्या सोयीची व प्रतिष्ठेची? मुलगा यशस्वी झाला, एवढ्यावरून हा प्रश्न निकालात निघत नाही. यशस्वी झालेल्यालाच आत्मचरित्र लिहिता येते. त्याच धाकाखाली जे मागे राहिले त्यांची साक्ष नोंदलीच जात नाही, याचे भान समीक्षेने ठेवावयास हवे.