कुठे जन्मला, की कुणाच्या पोटी?

१९४९ च्या ऑगस्टमध्ये घटना समितीत नागरिकत्वाच्या कलमावर चर्चा झाली. मसुदा मांडणारे बाबासाहेब आणि दुरुस्ती घेऊन उभे राहिलेले अमरावतीचे पंजाबराव देशमुख. नाशिकच्या माझ्या वर्गात ही चर्चा शिकवताना मी आधी सांगतो की पंजाबराव सनातनी नव्हते. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या होत्या. म्हणूनच त्यांची दुरुस्ती अधिक बोचते.

त्यांचे म्हणणे असे की, जन्मावर नागरिकत्व दिले तर ते फार स्वस्त होईल. मुंबईत काही तास उतरलेल्या परदेशी बाईचे मूलही भारतीय ठरेल. मसुद्यात अधिवासाची अट होती, म्हणजे आक्षेप तितकासा खरा नव्हता. पण उपाय पाहा. इथे राहणारा माणूस भारतीय आईबापांच्या पोटी जन्मलेला हवा. शिवाय दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला कोणताही हिंदू वा शीख, तो जगात कुठेही राहत असो, नागरिकत्वाला पात्र. हिंदूपण कुठून येते? आईबापांकडूनच. आणि हे ऐकायला समोर कोण, तर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात जन्माने आलेला धर्म सोडण्याची घोषणा करणारा माणूस!

बाबासाहेबांनी मांडलेल्या कलम ५ मध्ये अधिवासासोबत इथला जन्म, किंवा आईबापांपैकी एकाचा इथला जन्म, किंवा पाच वर्षांचे वास्तव्य पुरेसे आहे. त्यात आईबाप आहेत, पण त्यांचे कूळ विचारलेले नाही. ते कुठे जन्मले एवढेच विचारले आहे. अमेरिकेत १८५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉटला सांगितले की आफ्रिकी गुलामांच्या वंशजांना नागरिक होता येत नाही. त्यावर उतारा म्हणून १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने धरली ती जन्मभूमीच.

आपला कायदा मात्र उलट्या दिशेने सरकत गेला. १९५५ च्या कायद्याला इथला जन्म पुरे होता. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक नागरिक हवा झाला. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. लेकराच्या जन्माआधी आता त्याच्या आईबापांची चौकशी.

ही चौकशी सगळ्यांना सारखी जाचत नाही. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यानपिढ्या लिहिलेल्या आहेत. माझे आजोबा निफाड तालुक्यातल्या आमच्या गावचे येसकर. जन्ममृत्यूची वर्दी चावडीवर नेणे त्यांचे काम. पाटलाच्या नातवाच्या जन्माची खबर त्यांनीच पोहोचवली. माझ्या वडिलांच्या जन्माची नोंद मात्र कोतवाल बुकात सापडत नाही. शाळेत मास्तरांनी १ जून लिहिला, तोच त्यांचा जन्मदिवस. तेव्हा जन्मभूमीचे तत्त्व मला कितीही जवळचे वाटले, तरी त्यालाही कागद लागतो, हे मी विसरू शकत नाही.

आणि आमच्याही हातात एक वंशाचा कागद आहेच, जातीचा दाखला. वंशावरून झालेल्या अन्यायाची भरपाई वंश पाहूनच करावी लागते, हे मला पटते. तरी तो काढताना ओशाळे वाटते. गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी आली. आजोबांचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितलाय, म्हणाली, कुठे शोधू सर? मी तिला तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल काढायला सांगितले. आमच्या घरच्या नोंदीचे काय झाले, ते सांगितले नाही.