मृत्युपत्रें व वंशनिर्णय

कुलवृत्तांतकार मृत्युपत्रांचा व प्रोबेटच्या दप्तराचा आधार घेतात, हें स्तुत्यच. परंतु ‘मृत्युपत्रांत पुत्राचें नांव नाहीं, सबब मृत निपुत्रिक’ हें अनुमान सदोष होय. न्यायशास्त्रांत अभाव ठरविण्यास योग्यानुपलब्धि लागते. वस्तु असती तर दिसलीच असती, अशा ठिकाणींच ती न दिसणें हा पुरावा. मिताक्षरेप्रमाणें वडिलार्जितांत पुत्राचा हक्क जन्मसिद्ध. म्हणून १९५६ पूर्वीं अविभक्त कुटुंबांतील पित्याचें मृत्युपत्र स्वार्जितापुरतेंच चाले व तेथें पुत्राचा उल्लेख आवश्यक नसे. शिवाय १८७० च्या हिंदु मृत्युपत्रांच्या कायद्यानें आलेली प्रोबेटची सक्ती मुंबई शहरास लागू होती, पुण्यासातार्‍यास नव्हती. सबब वाटणीपत्रें, दत्तकपत्रें व तीर्थोपाध्यायांच्या वह्या ताडून पाहिल्यावांचून कोणतीहि शाखा निर्वंश लिहूं नये. नांदता वंश त्यानें कागदावर बुडतो.