आजीचा फरकोट: कृत, कारित, अनुमोदित

मागच्या वेळी आपण ‘आपण न केलेल्या कर्माची जबाबदारी’ या विषयावर बोललो होतो. आजचा विषय त्याचाच पुढचा भाग आहे, पण फलकावरचं शीर्षक वाचून दोघंतिघं हसलेले मी पाहिले. पुण्यात फरचा कोट घालतं कोण? आपल्याकडे थंडी आली की कानटोपी निघते आणि ती गेली की आत जाते. हसा, हरकत नाही. पण या विषयानं मला गेले काही महिने छळलंय, ते का, हे आधी सांगतो.

१९७९ ते १९८१ अशी दोन वर्षं आम्ही एडिनबरात होतो. मी संशोधन करत होतो आणि माझी पत्नी थंडीनं काकडत होती. शिष्यवृत्तीच्या पैशात धड गरम कपडे बसत नव्हते. पहिल्या नोव्हेंबरात आमच्या घरमालकीणबाई एक कोट घेऊन वर आल्या. त्यांच्या आईचा होता, मस्करॅटचा. मस्करॅट म्हणजे उत्तर अमेरिकेतला, पाणथळ जागी राहणारा, मोठ्या घुशीएवढा प्राणी. पत्नी जन्माची शाकाहारी. तिनं तो कोट हातात घेतला, थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग साडीवर घातला. दोन हिवाळे घातला. परत येताना बाई म्हणाल्या, घेऊन जा.

तो कोट आज माझ्या कपाटात डांबराच्या गोळ्यांसकट पडलाय. पत्नी जाऊन चार वर्षं झाली. आणि मॉन्ट्रियलला शिकणारी माझी नात म्हणते, “आबा, आजीचा कोट मला द्या. इथे उणे पंचवीस असतं. आणि तो प्राणी मरून ऐंशी वर्षं झाली, मी कुणाचं काय वाईट करते?”

प्रश्न सरळ आहे. मी चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, तरी फोनवर मला उत्तर देता आलं नाही. म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे.

आधी नातीची बाजू नीट मांडू. समोरच्याचा युक्तिवाद दुबळा करून तो खोडण्यात काही पुरुषार्थ नाही. तिची बाजू तीन पायांवर उभी आहे. एक, मरण होऊन गेलंय, कोट न घातल्यानं एकही मस्करॅट जिवंत होणार नाही. दोन, कोट फुकट मिळतोय, त्यामुळे फरच्या धंद्याला एक पैसाही जात नाही. तीन, याऐवजी ती घेणार काय? नकली फर म्हणजे अॅक्रिलिक, म्हणजे प्लास्टिक. त्याचे बारीक तंतू धुतल्यावर पाण्यात जातात, आणि दोन-चार वर्षांत तो कोट कचऱ्यात. असलेली वस्तू वापरणं हेच शहाणपण, हे तर आपल्या आज्याही सांगायच्या.

आणि ती एकटी नाही, मोठमोठे तिच्या बाजूला आहेत. कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये नव्या फरच्या विक्रीवर बंदीचा कायदा केला, तो २०२३ पासून लागू झाला, पण वापरलेल्या जुन्या फरला त्यातून सूट आहे. ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांच्याबद्दल २०१९ मध्ये बातमी आली की यापुढे त्यांचे नवे पोशाख नकली फरचेच असतील. लगेच राजवाड्यानं खुलासा केला की म्हणून आधीच्या पोशाखांवरची फर काढणार नाही, ते राणी वापरत राहतील. २०२४ मध्ये राणी कॅमिला यांच्या वतीनं कळवण्यात आलं की त्या नवी फर घेणार नाहीत. नीट ऐका, ‘नवी घेणार नाहीत’. म्हणजे कायदा असो की राजवाडा, रेघ एकाच ठिकाणी ओढलीय: नवं नको, जुनं चालेल.

माझी टीका या रेघेवर आहे. कायद्यासाठी ती ठीक आहे. कायद्याला व्यापार थांबवायचा असतो, आणि लोकांची कपाटं उघडणारा कायदा कुणालाच नको. पण कायद्यानं जिथे हात आखडता घेतला तिथे नीतीचा प्रश्न संपला, असं आपण समजतो. तिथे गडबड होते.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात पाहिलं तर मदत थोडी मिळते, पूर्ण नाही. पीटर सिंगर यांचं प्राण्यांच्या मुक्तीवरचं पुस्तक १९७५ चं. त्यांचा हिशोब वेदनेचा. मेलेल्या मस्करॅटला वेदना नाही, म्हणजे उरतात फक्त पुढचे परिणाम. टॉम रीगन १९८३ मध्ये म्हणाले की प्राण्याला स्वतःचं जगणं असतं, त्याला साधन म्हणून वापरणं हाच अन्याय. हे जास्त खोल आहे. पण अन्याय झाल्यावर ऐंशी वर्षांनी ती वस्तू ज्याच्या हातात आली त्यानं काय करायचं? चोरलेली मूर्ती असेल तर देवळाला परत करता येते. कातडं कुणाला परत करणार?

इथे मला आपल्याकडची एक जुनी विभागणी उपयोगी वाटते. योगसूत्रांत आणि जैन विचारात हिंसेचे तीन प्रकार सांगितलेत: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि दुसऱ्यानं केलेल्या हिंसेला मान डोलावलेली. आता नातीचे तीन पाय तपासा. मरण होऊन गेलं, म्हणजे ‘कृत’ नाही. पैसा जात नाही, म्हणजे ‘कारित’ नाही. तिसरा प्लास्टिकचा, तो काटकसरीचा मुद्दा. अनुमोदनाबद्दल ती एक शब्दही बोललेली नाही. ना कॅलिफोर्निया, ना राजवाडा.

‘कारित’सुद्धा इतकं सहज सुटत नाही, हे आधी पाहू. बौद्ध भिक्षूंना मांस स्वीकारण्याविषयी एक नियम होता: हा प्राणी माझ्यासाठी मारला हे पाहिलेलं नसावं, ऐकलेलं नसावं, आणि तशी शंकाही नसावी. माझ्या पत्नीचा कोट या तिन्ही कसोट्यांवर उतरतो. पण तो नियम कुणासाठी होता? जे पात्रात पडेल ते घेणाऱ्या भिक्षूसाठी. दुकानात जाऊन निवडणाऱ्यासाठी नव्हता. एडिनबरातला तो कोट भिक्षा होती, निवड नव्हती. जुन्या कपड्यांच्या दुकानात शिरून वीस कोटांतून एक पसंत करणारी व्यक्ती भिक्षू नाही, ती गिऱ्हाईक आहे. आणि जुन्याला गिऱ्हाईक मिळतं तेव्हा नव्याचीही किंमत टिकते. आज लाखो रुपये मोजणाऱ्याला माहीत असतं की उद्या हा विकता येईल. म्हणून वारसानं आलेला कोट आणि विकत घेतलेला जुना कोट यांत मी फरक करतो.

आता अनुमोदन. कपडा ही विचित्र वस्तू आहे. पोटात गेलेलं अन्न कुणाला दिसत नाही, अंगावरचा कपडा मात्र सगळ्यांशी बोलतो. तुम्ही गप्प राहिलात तरी बोलतो. १९६२ मध्ये जॅकलीन केनेडींनी बिबट्याच्या कातड्याचा कोट घातला. ओलेग कॅसिनी यांनी तो घडवला होता. तो पाहून तशा कोटांची मागणी वाढली. कॅसिनींना पुढे याचा पश्चात्ताप झाला, आणि उतारवयात त्यांनी नकली फरचे कपडे बाजारात आणले. त्या एका कोटासाठी जे बिबटे मेले ते ‘कृत-कारित’च्या खात्यात. पण तो पाहून ज्यांची हौस जागी झाली, त्यांच्यासाठी मेलेले कुठल्या खात्यात? ठिपकेवाल्या मांजरांचा व्यापार इतका वाढला की १९७३ च्या आंतरराष्ट्रीय करारात त्यांना संरक्षण द्यावं लागलं.

हे साठ वर्षांपूर्वीचं झालं म्हणाल. २०२४ च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर ‘मॉब वाइफ’ नावाची टूम निघाली. टोळीवाल्याच्या बायकोसारखं दिसायचं, ठसठशीत दागिने आणि अंगावर भला मोठा फर. जुनाच घ्या, असं पुष्कळजणी बजावून सांगत होत्या. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला कोट १९५० चा की गेल्या वर्षीचा हे कसं कळणार? कोटाला जन्मतारखेची पाटी नसते. दिसतं एवढंच, की हे सुंदर आहे आणि हे अंगावर घालतात.

आणखी एक गैरसमज. ‘जुनं’ म्हटलं की आपल्याला ते निरागस वाटायला लागतं. आजीचं, जपलेलं, तेव्हाची माणसं साधी वगैरे. खरी गोष्ट उलटी आहे. माझ्या कपाटातला कोट शिवला गेला तेव्हा मस्करॅट पोलादी सापळ्यात पाय अडकवून धरले जात. दात असलेला तसला सापळा इंग्लंडमध्ये १९५८ मध्ये बेकायदा झाला. ब्रिटननं फरसाठीची प्राणिपैदास बंद करण्याचा कायदा केला तो २००० साली. म्हणजे कोट जितका जुना, तितकं त्यामागचं मरण कमी नियमांतलं. आपल्याकडे शाहतूशचं तेच. तिबेटी हरणं झुडपांना अंग घासतात आणि ती लोकर लोक वेचतात, असं व्यापारी सांगायचे. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात एका शालीसाठी तीन ते पाच चिरू मारावे लागतात. आपल्याला हवीशी वस्तू दिसली की तिच्याबद्दलची हवीशी गोष्टही आपण लगेच खरी मानतो.

आता माझ्यावरच उलटणारे मुद्दे. पहिला: दिसण्यानंच अनुमोदन होत असेल तर नकली फरही दोषी. हो, काही अंशी आहे. हुबेहूब नक्कल मूळ वस्तूची हौस जिवंत ठेवते. दुसरा: या सभागृहात चामड्याचे पट्टे किती, चपला किती, आणि समोर दोन पैठण्या आहेत. रेशमाचे किडे उकळत्या पाण्यात जातात. खरं आहे. फर घातलेल्या म्हाताऱ्या बाईवर ओरडणं सोपं असतं, चामड्याचं जाकीट घातलेल्या धिप्पाड माणसावर सहसा कुणी ओरडत नाही. म्हणून फरकोट पाहून ज्यांना फार पवित्र वाटतं त्यांच्यात मला बसायचं नाही. आणि ध्रुवाजवळच्या इन्यूट माणसाचा सीलच्या कातड्याचा अंगरखा हा या चर्चेतच येत नाही. तो त्याचं जगणं आहे.

मग करायचं काय? मला आपला १९७२ चा वन्यजीव कायदा इथे शहाणा वाटतो. वाघाचं कातडं घरात वारसानं आलं तर ते नव्वद दिवसांत जाहीर करायचं. ठेवता येतं, विकता येत नाही. मस्करॅटला हा कायदा लागू नाही, पण त्यातली वृत्ती घेण्यासारखी आहे: तू मालक नाहीस, राखणदार आहेस, आणि तुझ्याकडे काय आहे ते लपवू नकोस.

गेल्या महिन्यात मी तो कोट बाहेर काढला. एके ठिकाणी अस्तर उसवलं होतं. आत कातड्याचे तुकडे एकमेकांना शिवलेले दिसले. चष्मा लावून मोजायला बसलो. वीस-बावीसपर्यंत गेलो आणि सोडून दिलं, कारण एकाची पाठ कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते ते कळेना. इतकी वर्षं तो कोट घरात होता. चार वर्षं तर मी त्यात फक्त पत्नीला पाहत होतो. हे वीस-बावीस जण त्यात आहेत हे मला माहीत होतं, आणि मी ते कधी मनात आणलं नव्हतं. यालाही मी अनुमोदनच म्हणेन.

नातीला मी लिहिलं, “कोट तुझा. विकायचा नाही. मिरवायला घालायचा नाही, थंडीला घालायचा. आणि कुणी ‘किती सुंदर’ म्हणालं तर यात निदान बावीस जीव आहेत आणि ते सापळ्यात मेले, हे सांगायचं. सांगायची लाज वाटली तर घालू नकोस.”

(श्रोत्यांमधून एक बाई: “सर, म्हणजे कबुली दिली की परवानगी मिळाली, असंच झालं ना? चालता-बोलता फलक पाहिला की लोक कोटच पाहणार, तुमची वाक्यं नाही.”)

बरोबर आहे तुमचं. मी हे लिहून पाठवल्यावर मलाही ते खटकलं. सांगणं हे अनुमोदन थोडं कमी करतं, पुसत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या शंभरांतला एक विचारेल, नव्याण्णव नुसतं पाहून जातील. अमेरिकेत जुने फरकोट गोळा करून जखमी आणि पोरक्या वन्यप्राण्यांच्या पिलांना ऊब म्हणून अंथरायला दिले गेले आहेत. तर्कानं पाहिलं तर त्या कोटाची योग्य जागा तीच, हे मला मान्य करावं लागतं. मी तसं लिहिलं नाही, कारण तो माझ्या पत्नीचा कोट आहे. हे कारण आहे, समर्थन नाही. दोन्हींतला फरक मी आयुष्यभर मुलांना शिकवला, म्हणून इथे लपवत नाही.

नातीचं उत्तर अजून आलेलं नाही. ऑक्टोबर संपत आलाय, तिकडे थंडी सुरू झाली असेल. कोट कपाटात नाही, खुर्चीच्या पाठीवर आहे. आणखी कुणाचा प्रश्न? नसेल तर पुढच्या वेळी याच तीन शब्दांवरून पैठणीकडे जाऊ. ज्यांना राग येणार आहे त्यांनी जरूर यावं.