पहिल्या रांगेतली सत्ता : तमाशाचा मंच, यात्रा आणि कलावंत स्त्री

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे डोंगराळ तालुके तमाशाच्या इतिहासात फारसे येत नाहीत. तमाशाचा विचार नारायणगाव, संगमनेर, सातारा या घाटावरच्या गावांभोवतीच होत आला आहे. तरीही मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी खांबलिंगेश्वराची यात्रा गुरांचा बाजार आणि घोंगड्या यांच्यासाठी जितकी ओळखली जाते, तितकीच ती तमाशाच्या तंबूंसाठीही ओळखली जाते, आणि 'तमाशाची पंढरी' म्हणवणाऱ्या नारायणगावाहून म्हशाला येणारी वाट माळशेज घाटातून थेट मुरबाडात उतरते. पौषाच्या थंडीत या घाटातून ट्रकने उतरणाऱ्या फडातील स्त्रियांचे काम कोणाच्या मर्जीवर चालते, ती मर्जी राखताना त्यांना काय सोसावे लागते आणि मराठी कलाविचाराने या सोसण्याकडे कोणत्या नजरेने पाहिले, या प्रश्नांना बगल देऊन तमाशाच्या आजच्या स्थितीविषयी केलेले कोणतेही विधान अपुरे राहते.

तमाशाची अर्थव्यवस्था समजून घेतल्यावाचून त्यातील सत्ता दिसत नाही. गण, गवळण, बतावणी आणि वग असा पूर्ण खेळ करणाऱ्या मोठ्या मंडळीला ढोलकी फड म्हणतात, तर केवळ लावणीगायन आणि नृत्य करणाऱ्या, पेटी-तबला-ढोलकीच्या साथीवर कला केंद्रात किंवा थिएटरात मुक्काम ठोकून असणाऱ्या लहान संचाला संगीतबारी म्हणतात. फड दोन तऱ्हांनी कमावतो : तंबू ठोकून तिकिटावर, किंवा गावच्या यात्रा समितीकडून ठरलेल्या रकमेची 'सुपारी' घेऊन. चैत्रातल्या यात्रांपूर्वी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी तेथे येऊन सौदा करतात. कोणत्या फडात नाचणाऱ्या मुली किती, त्या दिसायला कशा, हे प्रश्न वग कोणता या प्रश्नाच्या आधी विचारले जातात. कलावंत पावसाळ्यात, खेळ बंद असताना, फडमालकाकडून आगाऊ रक्कम म्हणजे 'उचल' घेतो आणि हंगामभर ती फेडतो. फडमालक स्वतः सावकाराची उचल फेडत असतो. अशा साखळीच्या तळाशी उभ्या असलेल्या स्त्रीला फड सोडायचा तर उचल परत करावी लागते, आणि समितीतील एखाद्या बड्या माणसाला दुखवायचे तर पुढच्या वर्षीची सुपारी जाते. ही गोष्ट तिलाही कळते आणि त्या माणसालाही.

दौलतजादा ही प्रथा जवळून पाहिली की हे नाते उघडे पडते. दौलतजादा म्हणजे लावणीवर खूश झालेल्या प्रेक्षकाने नर्तकीला दिलेले पैसे. पहिल्या रांगेतला माणूस बसल्या जागेवरून नोट वर धरतो, नर्तकी ताल न सोडता त्याच्यापर्यंत जाते, त्याचे नाव विचारते आणि ते नाव मंचावरून सर्वांना ऐकू जाईल असे पुकारले जाते. नोट मात्र लगेच सुटत नाही. दुसरे टोक त्या माणसाच्या बोटांत असते, आणि तो सोडेपर्यंत तिने हसत, मान वेळावत, ढोलकीच्या मात्रा मोजत उभे राहायचे असते. या अवधीत मनगट धरले गेले तरी ते कलेच्या रिवाजात जमा होते आणि तिने हात झटकला तर तो गावच्या प्रतिष्ठित माणसाचा भर यात्रेतला अपमान ठरतो. अनुभवी नर्तकी गिरकी घेऊन मनगट सोडवून घेण्याची हातोटी कमावते आणि धाकट्या मुलींना ती शिकवतेही. या हातोटीला कौशल्य म्हणावे लागते, आणि ते कमावावे लागणे ही या कलेच्या माथ्यावरची लाज आहे. नोटेपुढची पायरी म्हणजे 'खासगी बैठक', अर्थात निवडक माणसांपुढे बंद दारामागे होणारी लावणी, जिथे नाव पुकारणाराही नसतो आणि साक्षीदारही नसतो.

या रचनेला जातीचा पाया आहे. तमाशात उभ्या राहिलेल्या स्त्रिया प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी, डोंबारी अशा समाजांतून आल्या, आणि त्यांना पाहण्याचा, पोसण्याचा व वापरण्याचा अधिकार गावातील जमीनदार व सत्ताधारी जातींनी गृहीत धरला. शाहीर पट्ठे बापूरावांबरोबर मंचावर उभी राहिलेली पवळा हिवरगावकर तमाशातील आद्य स्त्री-कलावंत मानली जाते. तिच्या रूपाची वर्णने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, तिच्या कमाईचा हिशेब मात्र कोणी सांगितला नाही. डॉ. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' या १९९४ सालच्या आत्मकथनाने 'चिरा उतरणे' ही प्रथा मराठी वाचकांपुढे निर्भीडपणे ठेवली. नाचणाऱ्या मुलीचा पहिला शरीरसंबंध पैसेवाल्या पुरुषाला विकण्याची ही प्रथा असून त्यानंतर तो पुरुष तिचा 'मालक' म्हणवला जातो, मुलांना बापाचे नाव मिळत नाही आणि मालकाने पाठ फिरवली की ती पुन्हा घुंगरू बांधते. काळे यांचे पुस्तक आईच्या वाट्याला आलेल्या अशा पुरुषांच्या वर्तुळात राजकारणीही दाखवते, आणि म्हणूनच ते एका जमातीच्या दुःखकथेपुरते न राहता ग्रामीण महाराष्ट्राच्या सत्ताकारणाचा दस्तऐवज ठरते. तमाशा-कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला आणि २००२ साली त्या हलाखीत वारल्या. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते.

मराठी चित्रपटाने हा विषय वारंवार हाताळला. मात्र त्याची दृष्टी दर दशकात पुढेच गेली असे म्हणता येत नाही. अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटात गावच्या पाटलाने केलेला अत्याचार नाचणारी मुलगी तमाशाच्या मंचावरूनच जाहीर करते. ज्या मंचावर तिने रिझवायचे, तोच मंच येथे तिची कचेरी होतो, आणि या एका कल्पनेमुळे तो आजही सर्वांत धीट तमाशापट वाटतो. त्यानंतर तेरा वर्षांनी आलेल्या व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा'मध्ये (१९७२) नजर पूर्ण उलटी वळली. तेथे नर्तकी ही मोहिनी आहे, आदर्श मास्तर हा तिच्या नादाने ढळलेला बळी आहे, आणि सगळी करुणा त्याच्या वाट्याला येते. संगीत आणि अभिनय यांच्या बळावर 'पिंजरा' थोर ठरला, पण तमाशातील स्त्री पुरुषाला बिघडवते या समजुतीला त्याने जे वजन दिले ते मराठी मनावरून अजून उतरलेले नाही. रवी जाधव यांच्या 'नटरंग'मध्ये (२०१०) राजकीय हेव्यादाव्यातून होणारा लैंगिक अत्याचार नाच्याची भूमिका करणाऱ्या पैलवान गुणावर होतो. प्रेक्षक त्या प्रसंगाने हादरला, आणि ते योग्यच होते. पण त्याच फडातील नाचणाऱ्या बाईवर तो प्रसंग आला असता तर प्रेक्षक इतका हादरला असता काय, हा प्रश्न समीक्षेने त्या वेळी विचारायला हवा होता. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'ची येथे आठवण अपरिहार्य आहे : एक हौशी नाटकमंडळी आपल्यातल्याच लीला बेणारेवर लटका खटला चालवते आणि जो प्राध्यापक दामले या प्रकरणाचे मूळ आहे तो संपूर्ण नाटकात मंचावर येतच नाही. तमाशाविषयीच्या बहुतेक मराठी लेखनातही दामले असाच गैरहजर आहे.

चित्रपटाने तमाशा रंगवला, परंतु त्याच्या स्वतःच्या घरातही वेगळे चित्र नव्हते. 'सांगत्ये ऐका'त भूमिका करणाऱ्या हंसा वाडकर यांनी त्याच नावाने सांगितलेले आणि अरुण साधू यांनी शब्दांकित केलेले आत्मचरित्र १९७० साली पुस्तकरूपात आले. बालवयात घरच्या गरजेसाठी स्टुडिओत पाठवलेली मुलगी, तिच्या कमाईवर जगणारा आणि तिच्यावर सत्ता गाजवणारा नवरा, आसऱ्यासाठी गाठलेल्या मराठवाड्यातील जमीनदाराच्या घरातला कोंडवाडा, हे सर्व त्यात स्वच्छ सांगितले आहे. श्याम बेनेगल यांनी 'भूमिका' (१९७७) त्यावरूनच केला. जवळपास अर्ध्या शतकानंतर, २०१८ च्या 'मी टू' चळवळीत, तनुश्री दत्ता यांनी २००८ सालच्या एका चित्रीकरणाबाबत नाना पाटेकर यांच्यावर केलेले आरोप पाटेकर यांनी नाकारले, पोलिसांनी २०१९ मध्ये पुरावा नसल्याचा अहवाल दिला आणि २०२५ मध्ये न्यायालयाने तक्रारीस उशीर झाल्याच्या मुद्द्यावर दखल घेण्यास नकार दिला. आरोप खरे की खोटे याचा निवाडा मुदतीच्या अडसरामुळे झालाच नाही. केरळात मात्र चित्रपटक्षेत्रातील स्त्रियांच्या संघटनेच्या रेट्यामुळे २०१७ मध्ये न्यायमूर्ती हेमा समिती नेमली गेली आणि तिचा २०१९ अखेरचा अहवाल, काही मजकूर वगळून का होईना, ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. फड आणि संगीतबारी यांच्यासाठी अशी चौकशी महाराष्ट्राने केलेली नाही.

शासनाने या क्षेत्रात हात घातला तो बहुधा बंदीचा. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी आणली, नंतर संहिता तपासून खेळांना परवानगी देण्याची पद्धत सुरू झाली, आणि 'अश्लील' शब्द गाळले की तमाशा शुद्ध झाला असे मानले गेले. शब्द गाळले गेले, उचल आणि खासगी बैठक जागच्या जागी राहिली. २००५ मध्ये डान्सबारवर बंदी आली तेव्हा मुंबई-नाशिक महामार्गावरच्या शहापूरसारख्या तालुक्यालाही तीच भाषा ऐकावी लागली. त्या कायद्याने तारांकित हॉटेलांना सूट दिली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये बंदी रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम करताना नेमक्या याच भेदावर बोट ठेवले. बारमध्ये नाचणाऱ्यांत परंपरेने नाचगाणे करणाऱ्या समाजांच्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांचे काम गेले, त्यांचा छळ करणाऱ्यांचे काहीच गेले नाही. स्त्रीची प्रतिष्ठा राखण्याच्या नावाने तिची भाकरी काढून घेणे हा उपाय पुन्हा पुन्हा सुचतो, कारण त्यात कोणा बड्या माणसाचे नाव घ्यावे लागत नाही.

तमाशाच्या आजच्या अवस्थेविषयी जे लिहिले जाते त्याचा सूर ऱ्हासाचा असतो : वग उरले नाहीत, हिंदी गाणी आली, डीजेने ढोलकी मारली, प्रेक्षक मोबाइलवर गेला. यातले बरेचसे खरे आहे. पण वगनाट्याच्या भरभराटीच्या काळात नाचणाऱ्या स्त्रीची स्थिती सुरक्षित होती असे दाखवता येत नाही, म्हणून जुन्याच्या हळहळीतून कलेचे मूल्यमापन होऊ शकत नाही. शर्मिला रेगे यांनी १९९० च्या दशकात लावणी-कलावंतांच्या संदर्भात जात आणि लैंगिकता यांचा एकत्र विचार मांडला. शैलजा पाईक यांनी तमाशातील दलित स्त्रियांवर ग्रंथ लिहिला. भूषण कोरगावकर यांच्या 'संगीत बारी'ने आणि सावित्री मेधातुल यांच्यासह त्यांनी केलेल्या मंचीय प्रयोगांनी बैठकीच्या लावणीतील स्त्रियांना कलावंत म्हणून, त्यांच्या हुशारीसह आणि विनोदासह, शहरी प्रेक्षकांसमोर उभे केले. ही कामे महत्त्वाची आहेत, कारण त्यांत स्त्री केवळ पीडित नाही. ती फडमालकीणही असते, सौदाही करते, आणि कधी आपल्याच फडातील मुलीला गप्प राहायलाही सांगते. सुपारी टिकवण्याचा भार तिच्यावर असतो, म्हणून तिचा दोष आणि तिची लाचारी वेगळी काढणे कठीण जाते.

नव्या साधनांनी जुन्या सत्तेला नवी हत्यारे दिली आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका लोकप्रिय नर्तकीचे कपडे बदलतानाचे चोरून केलेले चित्रीकरण पसरवण्यात आले आणि राज्य महिला आयोगाला दखल घ्यावी लागली. यात्रेतल्या राहुटीत, जिथे कनातीच्या एका कापडापलीकडे गर्दी असते आणि आत दिवा लावला की सावल्या बाहेर उमटतात, हा धोका रोजचा आहे. जुलै २०२५ मध्ये दौंड तालुक्यातील एका कला केंद्रात गोळीबार झाला आणि अटक झालेल्यांत एका आमदाराचा भाऊ होता. पहिल्या रांगेत कोण बसते याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागत नाही.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याची पायाभरणी १९९७ च्या विशाखा निकालाने केली, कार्यालयांसाठी आहे असा समज आहे. प्रत्यक्षात तो असंघटित क्षेत्रालाही लागू आहे आणि मालकाने पुरवलेले वाहनही त्याच्या व्याख्येत कामाचे ठिकाण ठरते, म्हणजे माळशेज उतरणारा ट्रकही. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या फडाला अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे आणि ती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. लहान संगीतबारीतील स्त्री, किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असलेली स्त्री, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. बाहेरच्या माणसाने, म्हणजे प्रेक्षकाने किंवा यात्रा समितीच्या सदस्याने, त्रास दिला तर तिला फौजदारी तक्रारीसाठी मदत करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ग्रामीण आणि आदिवासी भागात तालुकापातळीवर समन्वय अधिकारी नेमून त्याने तक्रार ७ दिवसांत पुढे पाठवावी अशीही तरतूद आहे. मात्र तक्रारीची मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने वाढणारी. फड तोवर तीन जिल्हे फिरून आलेला असतो आणि उचल फिटलेली नसते. म्हशाच्या यात्रेला पोलीस बंदोबस्त, पाणी, गुरांची तपासणी यांची आखणी प्रशासन दरवर्षी करते. त्याच आखणीत मुरबाडच्या समन्वय अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक प्रत्येक तंबूच्या आतल्या बाजूला, स्त्रियांच्या राहुटीत लावणे, राहुटीसाठी दुहेरी कनात आणि स्त्री-पोलीस देणे, आणि सुपारीच्या लेखी करारात मंचावर कोणी चढणार नाही, खासगी बैठकीची मागणी होणार नाही व तसे झाल्यास खेळ थांबवूनही पूर्ण रक्कम द्यावी लागेल ही अट घालणे, यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. त्यासाठी यात्रा समितीच्या अध्यक्षाची सही लागते.