मुळाविना मूळपेय

लुप्त झालेली वस्तू पुन्हा सिद्ध झाली की तिचे कौतुक आधी होते आणि परीक्षण मागाहून. पुष्कळदा ते होतही नाही. अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यात ॲलनटाउन येथे १९१८ साली एका कुटुंबाने काढलेला ‘ए-ट्रीट’ हा सोड्याचा कारखाना २०१५ च्या जानेवारीत बंद पडला, आणि त्याच वर्षी तेथीलच दुसऱ्या कुटुंबाने ते नाव पुन्हा बाजारात आणले. त्यांचे ‘बर्च बीअर’ हे पेय चाखण्याचा योग आला. नावातील ‘बीअर’ या शब्दाने वाचकांनी बिचकू नये. ते मद्य नव्हे. ‘रूट बीअर’ या मुळांच्या पेयाचे ते सख्खे भावंड होय.

पहिल्या घोटास जिभेआधी नाकच साक्ष देते: हा तर मुरगळलेल्या पायास चोळावयाच्या मलमाचा वास! नवल नाही. बर्चच्या सालीचे तेल आणि आपले गंधपुऱ्याचे तेल यांतील मुख्य द्रव्य एकच आहे. दुसऱ्या घोटास मलमाचा विसर पडतो आणि घशाशी प्रसन्न गारवा रेंगाळतो. गोडी मात्र अंमळ जास्त. तिने तो गारवा झाकोळतो.

तथापि खरा प्रश्न गोडीचा नव्हे. फिलाडेल्फियाचे औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी १८७६ च्या सुमारास रूट बीअर लोकप्रिय केली, तेव्हा सॅसफ्रासच्या मुळाची साल हा अशा पेयांचा प्राण होता. त्या मुळातील सॅफ्रोल या द्रव्याने प्रयोगातील उंदरांच्या यकृतास कर्करोग होतो असे आढळल्यावर १९६० साली अमेरिकी शासनाने खाद्यपेयांत ते निषिद्ध केले. तेव्हापासून सॅफ्रोल काढून टाकलेला अर्क किंवा कृत्रिम स्वाद यांवरच काम भागते. जुन्या रूट बीअरचा पुनर्जन्म झाला, असे कोणी म्हणू लागल्यास हे ध्यानी ठेवावे.

बदल करणे हा दोष नव्हे. देवालयाच्या जीर्णोद्धारात भग्न मूर्तीही बदलतात. परंतु ती विधिपूर्वक, सर्वांसमक्ष बदलतात, गुपचूप नव्हे. पेयाच्या जीर्णोद्धारकाकडून एवढ्याच सचोटीची अपेक्षा आहे. बर्चच्या सालीवर तर तसा निर्बंधही नाही. म्हणून तिच्या नावाने विकणाऱ्यास ‘यात साल किती?’ असे विचारणे रास्त ठरते.

आपल्या सह्याद्रीत उपळसरीचे सुगंधी मूळ अद्याप मिळते. दक्षिणेत त्याचेच ‘नन्नारी’ सरबत आवडीने पितात. उद्या आपल्याकडील एखाद्या सोडावाल्याने जुने मूळपेय पुन्हा काढावयाचे मनात आणले, तर त्याने आधी मूळ उकळावे. बाटलीवरील जुने चित्र मागाहून शोधावे.