शब्दवेध

विठ्ठलवाडीत कीर्तनकार श्रावणबाळाचं आख्यान लावतात, तेव्हा दशरथाच्या शब्दवेधाला माना डोलतात. अंधारात नुसत्या आवाजावर बाण! मला ही तारीफ कधी पटली नाही.

मी दहाएक वर्षांचा असेन. चुलत्यामागं मलंगगडाच्या रानात गेलो होतो. झुडूप हाललं आणि चुलत्यानं ठासणीची बंदूक झाडली. भेकर होतं. तीन पायांवर निघून गेलं. रगताचा माग ओढ्यापर्यंत होता. "अंधार पडला, चल," चुलता म्हणाला.

आजा त्या रात्री जेवला नाही. "दिसल्याबिगर बार टाकलास, ती चूक. घायाळ सोडून आलास, ते पाप." पहाटे कंदील घेऊन तो स्वतः गेला. दुपारी रिकामा परतला.

वाल्मीकींनी ही कथा खुद्द दशरथाच्या तोंडी घातली आहे, तीही मरणाच्या रात्री. त्याला वाटलं, सरयूवर हत्ती पाणी पितोय. माणसाचा आवाज येताच तो तिथं गेला. पोराच्या सांगण्यावरून बाण उपसला, घागर भरून आंधळ्या आईबापांपुढं उभा राहिला आणि गुन्हा कबूल केला. कीर्तनात नेमाचं कौतुक पोटभर होतं. घागर घेऊन चाललेली ती वाट मात्र दोन वाक्यांत उरकतात. राजाची थोरवी असलीच तर त्या वाटेवर आहे.

आता 1972 चा कायदा आहे, शिकार गुन्हा आहे. बरंच झालं. पण आख्यान ऐकताना मला अजून तो ओढा दिसतो, आम्ही माघारी फिरलो ती जागा दिसते.