साल कोणते धरावे?

घरातील चित्रपटसंग्रह कालक्रमाने लावायचा म्हटला की पहिल्याच चित्रपटापाशी अडते. ‘राजा हरिश्चंद्र’ निमंत्रितांनी २१ एप्रिल १९१३ रोजी पाहिला. जनतेसाठी तो ३ मे रोजी लागला. येथे साल एकच, म्हणून वाद नाही. परंतु ‘फँड्री’ महोत्सवात आला २०१३ साली आणि चित्रपटगृहांत १४ फेब्रुवारी २०१४ रोजी. ‘कोर्ट’ व्हेनिसला २०१४ मध्ये दाखवला गेला, आपल्याकडे २०१५ मध्ये लागला. बहुतेक संग्राहक प्रदर्शनाचे साल धरतात. प्रेक्षकांविना चित्रपट कसला, असे त्यांचे म्हणणे. मलाही ते बरीच वर्षे पटत होते.

कमल स्वरूप यांच्या ‘ओम दर-ब-दर’ने माझे मत फिरवले. १९८८ सालची ही कृती चित्रपटगृहांत लागली ती जानेवारी २०१४ मध्ये. त्या सालाच्या कप्प्यात ठेवली तर ती निव्वळ विक्षिप्तपणाची हौस वाटते. ‘तेजाब’ आणि ‘कयामत से कयामत तक’ यांच्या शेजारी ठेवली की तिचे धाडस डोळ्यांत भरते. विलंबाची शिक्षा दिग्दर्शकाने का भोगावी? कचेरीत आवक-शिक्का कधीही पडो, पत्रावरची तारीख पत्राचीच राहते. सबब, मी पहिल्या खेळाचे साल धरतो. प्रदर्शनाचे साल वेष्टनाच्या आत पेन्सिलीने टिपून ठेवतो.